वाचक विचारतात : इंग्रजी आडनावांतले विणकर, रंगारी आणि कापड तुडवणारे

इंग्रजी आडनावांविषयी प्रश्न मागवले होते. सोलापुरातून आलेली बहुतेक पत्रे कापडधंद्याशी जोडलेल्या आडनावांची निघाली. मागांच्या गावाने तेच विचारावे हे स्वाभाविकच आहे, म्हणून या वेळी ती आधी घेतली आहेत.

मुलगा लीड्सला नोकरीला आहे. त्याच्या ऑफिसात वॉकर आडनावाचे लोक आहेत. त्यांतला एक म्हणाला, आमचे आडनाव कापडावरून पडले. चालण्याचा आणि कापडाचा काय संबंध?
— एक वाचक, अशोक चौक

संबंध अगदी थेट आहे. वॉकर कापडावर चालायचा, आणि तेच त्याचे काम होते.

लोकरीचे कापड मागावरून उतरते तेव्हा ते विरळ आणि तेलकट असते. लोकरीची मूळ चरबी त्यात असते, शिवाय सूत कातताना लावलेले तेलही. हे सगळे काढून कापड घट्ट करायचे, तर ते हौदात टाकून अनवाणी पायांनी तासन्‌तास तुडवत. हौदातल्या पाण्यात शिळे मूत्र असे. मूत्र शिळे झाले की त्यात अमोनिया तयार होतो आणि अमोनिया चरबी सोडवतो. गावातल्या घरांतून ते मडक्यांनी गोळा केले जाई. दुसरा पदार्थ म्हणजे तेल शोषणारी माती. ती आपल्या ओळखीची आहे : इंग्रज जिला फुलर्स अर्थ म्हणतात तीच आपली मुलतानी माती. इंग्लंडात ती सरे परगण्यातल्या नटफील्डला आणि बेडफर्डशायरमध्ये निघायची.

तुडवल्याने कापड घट्ट का होते? लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. ओलावा, ऊब आणि दाब मिळाला की ते एकमेकांत अडकतात, तंतू परत मागे सरकत नाहीत, आणि कापड आटत आटत दाट होते. चांगले तुडवलेल्या कापडात धाग्यांची वीणही दिसेनाशी होते. म्हणूनच मागावर ते मुद्दाम बरेच रुंद विणत. सुताच्या तंतूला असे खवले नसतात, त्यामुळे आपल्या चादरीला किंवा टॉवेलला या कामाची गरजच नाही. सांगोला-मंगळवेढ्याकडच्या घोंगडीची लोकर आटते खरी, पण तिला कडकपणा येतो तो चिंचोक्याच्या खळीने.

या कामात बिघडण्यासारखे पुष्कळ होते. पाय सगळीकडे सारखे पडले नाहीत तर एक भाग जाड आणि दुसरा विरळ निघे. माती नीट चाळलेली नसली तर खडा कापडाला भोक पाडी. जास्त तुडवले तर कापड आटून कायद्याने ठरवलेल्या रुंदीपेक्षा अरुंद होई. तुडवून धुतलेले कापड लाकडी चौकटीवर आकड्यांनी ताणून उन्हात वाळवत. त्या चौकटीला टेंटर म्हणत. एमआयडीसीतल्या प्रोसेस हाउसमध्ये जे स्टेंटर मशिन असते, ते याच चौकटीचे यांत्रिक रूप. चौकटीवर कापड जरुरीपेक्षा जास्त ताणून लांबी वाढवणारे तेव्हाही होते. असे कापड पहिल्या पावसात आटायचे आणि गिऱ्हाईक फसायचे, म्हणून त्याविरुद्ध कायदे करावे लागले.

आता आडनावाकडे येऊ. या एकाच धंद्याला इंग्लंडात तीन शब्द होते आणि त्यांची तीन आडनावे झाली. उत्तरेत आणि मध्य भागात वॉकर, आग्नेयेकडे फुलर, नैर्ऋत्येकडे म्हणजे डेव्हन-कॉर्नवॉलकडे टकर. फुलर हा शब्द लॅटिनमधून आणि फ्रेंचमधून आला. टकर ज्या जुन्या क्रियापदावरून आला त्याचा अर्थ छळणे, बडवणे असा होता. डेव्हनमधल्या एक्सेटर शहरात विणकर, टकर आणि कातरणी करणारे यांच्या संघाची १४७१ साली बांधलेली वास्तू आजही उभी आहे. तिचे नावच टकर्स हॉल.

त्यामुळे तुमच्या मुलाला लीड्समध्ये वॉकर भेटावेत हे अगदी ठीकच आहे. लीड्स ज्या यॉर्कशायरमध्ये आहे, तो लोकरीच्या कापडाचा आणि वॉकर या शब्दाचाही मुलूख. बाराव्या शतकातच तुडवण्याचे काम पाणचक्कीवर चालणारे लाकडी हातोडे करू लागले होते. टेम्पलर या लढवय्या ख्रिस्ती साधूंच्या पंथाच्या ११८५ सालच्या मालमत्तेच्या नोंदींत अशा चक्क्या आहेत. म्हणजे आडनावे पक्की होईपर्यंत बरेच काम पायांकडून चक्कीकडे गेले होते, तरी नाव पायांचेच टिकले. एक सावधगिरी मात्र ठेवावी : न्यूकॅसलजवळ वॉकर नावाचे गाव आहे, आणि थोड्या घराण्यांचे आडनाव तिथूनही आलेले असू शकते.

वेब, वेबर, वेबस्टर, वीव्हर ही चारही विणकरांचीच आडनावे का? असतील तर चार कशाला?
— एक यंत्रमागधारक, अक्कलकोट रोड

चारही विणकरांचीच. जुन्या इंग्रजीत विणकर पुरुषाला ‘वेब्बा’ आणि विणकर बाईला ‘वेब्बे’ म्हणत. त्यातून दक्षिणेत आणि मध्य भागात वेब आले. त्याला ‘अर’ जोडून वेबर झाले, ते डेव्हन-सॉमरसेटकडे जास्त. ‘स्टर’ जोडून वेबस्टर झाले, ते यॉर्कशायर, लँकेशायर, डर्बीशायर आणि स्कॉटलंडच्या पूर्व भागात. वीव्हर हे ‘विणणे’ या क्रियापदावरून नंतर घडलेले रूप आहे. चेशायरमध्ये वीव्हर नावाची नदी आहे आणि त्याच नावाची वस्तीही होती, त्यामुळे चेशायरचा वीव्हर असेल तर तो विणकरच होता असे गृहीत धरू नका.

‘स्टर’विषयी नेहमी एक गैरसमज दिसतो. हा प्रत्यय मुळात स्त्रीवाचक होता. म्हणून वेबस्टर घराण्याची मूळ पुरुष एखादी विणकर बाई होती असे सांगितले जाते. दक्षिणेत तो प्रत्यय बराच काळ स्त्रीवाचक राहिला, पण उत्तरेत तेराव्या-चौदाव्या शतकांत तो पुरुषांनाही सर्रास लागत होता. भटारखान्यातला बॅक्स्टर आणि दारू गाळणारा ब्रूस्टर हीही तशीच रूपे. सूत कातणाऱ्या बाईचा ‘स्पिन्स्टर’ हा शब्द मात्र बाईकडेच राहिला आणि सतराव्या शतकापासून अविवाहित स्त्रीसाठीचा कायदेशीर शब्द बनला.

याच पत्रात दुसरा प्रश्न आहे : बापाचा धंदा मुलाने सोडला तरी आडनाव कधीपासून टिकू लागले? नॉर्मन लोकांनी १०६६ साली इंग्लंड जिंकले, त्यानंतर आधी जमीनदारांत वंशपरंपरागत आडनावे रुजली. सामान्य माणसांत दक्षिणेकडे ती साधारण १२५० ते १४०० या काळात पक्की झाली. उत्तरेत त्याहून उशिरा. वेल्समध्ये तर कित्येक घराण्यांत अठराव्या शतकापर्यंत बापाचे नावच पुढे लागत असे. तिथे ‘राइसचा मुलगा’ या अर्थाचे ‘अप राइस’ आटून प्राइस झाले.

हा बदल होताना पाहायचा असेल तर १३७९ च्या डोईपट्टीच्या याद्या पाहाव्यात. त्या वर्षी साध्या माणसाला ४ पेन्स कर होता आणि कारागिराला ६ पेन्स किंवा त्याहून जास्त. त्यामुळे यॉर्कशायरच्या याद्यांत कारागिराच्या नावापुढे त्याचा धंदाही लिहिलेला सापडतो. काही ठिकाणी आडनाव आणि धंदा एकच आहे, म्हणजे ते अजून चालते नाव आहे. काही ठिकाणी आडनाव एका धंद्याचे आणि काम दुसरेच, म्हणजे ते वारशाने आलेले आहे. इंग्लंडच्या इतिहासातल्या सगळ्या कागदांत आडनावांच्या अभ्यासकाला यांच्याइतके मोलाचे कागद थोडेच मिळतील. दर वेळी त्या वाचताना कारागिरांची पूर्ण गल्ली समोर उभी राहते.

आमचा रंगखाना आहे. रंगाऱ्यांची इंग्रजी आडनावे कोणती?
— एक वाचक, साखर पेठ

लिस्टर, डायर आणि डेक्स्टर. लिस्टर उत्तरेकडचे आणि पूर्व इंग्लंडचे. रंग या अर्थाच्या नॉर्स शब्दावरून ते आले, कारण त्या भागांत डेन्मार्क-नॉर्वेकडचे लोक येऊन वसले होते. डायर दक्षिणेकडचे. डेक्स्टर हे रंगारी बाईच्या जुन्या इंग्रजी शब्दावरून आले. त्यातला शेवटचा ‘स्टर’ तोच, वेबस्टरमधला.

तुम्ही व्हॅट रंगांचे काम करत असाल तर त्या लिस्टरचे काम तुम्हाला लगेच उमजेल. निळ्यासाठी ते वोड नावाच्या झाडाची पाने वापरत. त्यांतला रंगद्रव्याचा रेणू आपल्या निळीतलाच, फक्त प्रमाण फारच कमी. तो पाण्यात विरघळत नाही. तुम्ही कॉस्टिक आणि हायड्रो ही रसायने घालून तो विरघळवता, तेच त्यांना आंबवणीतून साधावे लागे. कोंडा आणि राख किंवा चुना घालून पिंप सुमारे ५० अंशांवर ऊबदार ठेवत. कापड पिंपातून पिवळट-हिरवे निघे आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळे होई. पिंप गार पडले की आंबणे थांबे आणि रंग चढत नसे. फार दिवस आंबू दिले तर रंगद्रव्यच नष्ट होई. लालसाठी मंजिष्ठेच्या जातीचे मूळ आणि तुरटी. ते पाणी उकळू दिले की लाल तपकिरीकडे झुके. पिवळ्यासाठी वेल्ड नावाची वनस्पती. लिंकन शहराचे प्रसिद्ध हिरवे कापड आधी वोडमध्ये, मग वेल्डमध्ये बुडवलेले असे.

सोलापुरी चादरीसारख्या वस्तूवरून पडलेले एखादे इंग्रजी आडनाव आहे का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

आहे, आणि फार सुंदर आहे : चॅलोनर. फ्रान्समधल्या शालों गावाची पांघरुणे मध्ययुगात इतकी नावाजलेली होती की इंग्लंडात पांघरुणालाच ‘चॅलून’ म्हणू लागले. ते विणणारा किंवा विकणारा तो चॅलोनर. आडनाव चॅलनर, चॉनर अशा रूपांतही दिसते. गावाचे नाव मालाला आणि मालाचे नाव माणसाला लागले. आपल्याकडे ‘सोलापुरी’ म्हटले की पुढे चादर म्हणावी लागत नाही, त्याच वाटेने एक पाऊल पुढे.

१९३० च्या मार्शल लॉच्या हकिकतीत सोलापूरचे तेव्हाचे कलेक्टर नाइट यांचे नाव येते. नाइट म्हणजे सरदार. मग ते सरदार घराण्यातले होते का?
— एक शिक्षक, बाळीवेस

आडनावावरून तसे मुळीच म्हणता येत नाही. जुन्या इंग्रजीत ‘क्निख्ट’ म्हणजे मुलगा, पोऱ्या, मग नोकर. जर्मनमध्ये याच शब्दाचे भावंड आजही गड्याच्याच अर्थाने आहे. इंग्रजीत पुढे तो धन्याच्या पदरी असलेल्या हत्यारबंद माणसासाठी आणि शेवटी सन्मानाच्या पदवीसाठी वापरला गेला. आडनाव पडले तेव्हा ते सरदाराच्या वाड्यावर राबणाऱ्याला पडलेले असणे जास्त संभवते. किंग, बिशप, पोप या आडनावांचेही तसेच. कोणी राजवाड्यावर नोकर होता, कोणी जत्रेतल्या नाटकात राजा व्हायचा, कोणाला रुबाबामुळे गावाने ते नाव ठेवले. आडनाव बडे दिसले म्हणून घराणे बडे ठरवणे ही या विषयातली सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

आमचे खापरपणजोबा रेल्वेत होते, आडनाव फुलर. ते इंग्लंडातल्या कोणत्या गावचे, हे शोधायचे आहे. सुरुवात कुठून करावी?
— एक वाचक, रेल्वे लाइन्स

सुरुवात शब्दकोशातून करू नका. फुलर म्हणजे कापड तुडवणारा, हे कळल्याने तुमचे गाव कळत नाही. आग्नेय इंग्लंडात हे आडनाव शेकडो कुटुंबांना एकमेकांशी संबंध नसताना पडले. वाट उलटी, आपल्यापासून मागे, एकेका पिढीने जाते.

आधी घरातले गोळा करा : जन्म-लग्न-मृत्यूचे दाखले, नोकरीचे कागद, बायबलच्या कोऱ्या पानावरची नावे, थडग्यावरचा मजकूर. प्रत्येक ठिकाणचे वय वेगळे लिहून ठेवा. ते एकमेकांशी जुळणार नाही, आणि जुळवून एक करूही नका.

मग भारतातल्या नोंदी. सोलापूरला रेल्वे १८६० साली आली. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नकला लंडनला पाठवल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत, मुंबईची मालिका ‘एन ३’. त्यांची डिजिटल पाने फाइंडमायपास्ट या संकेतस्थळावर पैसे भरून पाहता येतात. फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीची शोधसूची फुकट आहे, आधी तिथे पाहावे. तिघांत लग्नाची नोंद सर्वांत महत्त्वाची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिच्यात वराच्या बापाचे नाव मिळते. दफनाच्या नोंदीत ते नसते, म्हणून थडग्यापासून सुरुवात करणारे तिथेच अडकतात.

शोधताना सोलापूरचे आजचे स्पेलिंग पुरत नाही. आधी ‘शोलापूर’ची जुनी रूपे घाला : शेवट ‘पोअर’, ‘पूर’ आणि ‘पुर’ असे तिन्ही. पाद्री फिरतीवर असत, त्यामुळे इथल्या मुलाचा बाप्तिस्मा दुसऱ्याच गावाच्या नावावर निघू शकतो. हस्ताक्षरातला ‘एफ’ सूचीकाराने ‘टी’ वाचला तर फुलरचा टुलर होतो, म्हणून पहिले अक्षर मोकळे सोडूनही शोधून पाहा.

बापाचे नाव हाती आले की इंग्लंडात शिरा. तिथे सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी १ जुलै १८३७ पासून आहे. सूची तिमाहीवार आहे आणि जन्म नोंदवायला ४२ दिवसांची मुदत होती. म्हणून मार्चमध्ये जन्मलेले मूल जूनच्या तिमाहीतही पाहावे. १८७५ पूर्वी नोंद न केल्यास दंडाची खरी भीती नव्हती, त्यामुळे काही जन्म सापडतच नाहीत. त्याच्या जोडीला शिरगणती वाचा. १८४१ ची उपयोगी आहे पण फसवी : १५ वर्षांवरच्या माणसाचे वय बहुतेक वेळा खालच्या पाचाच्या पटीत उतरवले आहे, ३४ चा माणूस ३० चा दिसतो. जन्मगावाऐवजी तिथे फक्त ‘याच परगण्यातला आहे की नाही’ एवढेच लिहिले आहे. खरे जन्मगाव १८५१ पासून मिळते. तुमच्या कामाचे पान तेच. १९३१ ची शिरगणती १९४२ साली आगीत जळाली आणि १९४१ ची झालीच नाही, तेव्हा ती शोधण्यात वेळ घालवू नका.

१८३७ च्या मागे गेलात की चर्चच्या वह्या. त्या १५३८ साली आठव्या हेन्री राजाचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याच्या हुकमाने सुरू झाल्या, पण सगळ्या गावांच्या तितक्या जुन्या टिकलेल्या नाहीत. १६४० ते १६६० या यादवीच्या काळात मोठी भगदाडे आहेत. जुन्या पानांवर नावे लॅटिनमध्ये आढळतात : गुलिएल्मुस म्हणजे विल्यम, याकोबुस म्हणजे जेम्स. आणि १७५२ पूर्वी नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे १० फेब्रुवारी १७१० अशी नोंद आजच्या हिशेबाने १७११ ची असते. हे ध्यानात न ठेवल्याने आईबापाच्या लग्नाआधी मूल जन्मल्याचे भलतेच निष्कर्ष काढले जातात.

सर्वांत जास्त वंशवृक्ष एकाच जागी मोडतात. हवे तसे नाव, हवे ते गाव आणि जवळपासचे वर्ष मिळाले की लोक त्या बाप्तिस्म्याला आपला पूर्वज ठरवून टाकतात. त्याच गावच्या दफनाच्या वहीत पुढची पाच-सहा वर्षे पाहायचीच. ते मूल दोन वर्षांचे असताना गेलेले निघाले, तर तुमचा माणूस तो नव्हे. सूचीवर कधी थांबू नका, मूळ पानाचे चित्र उघडा. त्यावर साक्षीदारांची नावे असतात, आणि लग्नाला साक्षीदार बहुधा भाऊ किंवा मेहुणा असतो.

इंग्लंडहून येताना नातेवाइकांनी मित्रासाठी त्याच्या आडनावाचे राजचिन्ह फ्रेम करून आणले. ते खरे का?
— एक वाचक, होटगी रोड

नाही. इंग्लंडात कुलचिन्ह आडनावाला दिलेले नसते. ते एका व्यक्तीला आणि तिच्या वारसांना दिलेले असते. १४८४ साली स्थापन झालेले कॉलेज ऑफ आर्म्स त्याचा हिशेब ठेवते. दुकानातल्या फ्रेममध्ये त्याच आडनावाच्या कोणातरी माणसाचे चिन्ह असते. शोभेसाठी भिंतीवर लावायला हरकत नाही, पण वंशाचा पुरावा म्हणून त्याचा उपयोग शून्य.

डीएनए तपासणीने आडनावाचे मूळ कळते का?
— एक विद्यार्थिनी, सात रस्ता

काही आडनावांचे कळते. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते, इंग्रजी आडनावही तसेच. म्हणून एकाच मूळ पुरुषापासून आलेल्या घराण्यांत दोन्ही जुळायला हवे. यॉर्कशायरमधल्या साइक्स या आडनावावर २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपासलेल्या पुरुषांपैकी जवळजवळ निम्म्यांचे वाय गुणसूत्र सारखे निघाले. उरलेल्यांत दत्तक मुले, आईचे आडनाव लावलेली मुले आणि विवाहबाह्य संततीचे वंशज येतात. शेकडो वर्षांत हे साचत जाते.

आडनाव जितके दुर्मीळ तितका निकाल स्पष्ट. वॉकर, वेब, टेलर किंवा स्मिथ यांच्या बाबतीत मात्र दोन अनोळखी माणसांची गुणसूत्रे जुळण्याची अपेक्षा ठेवू नये, कारण प्रत्येक गावाला आपला शिंपी आणि आपला लोहार होता. तपासणी करायचीच असेल तर आधी कागदावर एकच पूर्वज सांगणारी दोन घराणी शोधा आणि दोन्हीकडच्या एकेका पुरुषाची, निदान ३७ खुणांची (म्हणजे गुणसूत्रावरच्या तुलनेच्या ३७ जागांची) वाय तपासणी करा. बाजारात स्वस्त मिळणारी सर्वसाधारण ‘वंश टक्केवारी’ची तपासणी या कामाची नाही. मुलींनी आपल्या घराण्यासाठी बाप, भाऊ किंवा चुलत्याचा नमुना द्यावा, कारण वाय गुणसूत्र मुलीकडे येत नाही.